साइटवरचे बांधकामाचे शब्द नवख्याने कुठून शिकायला सुरुवात करावी?

तुमचा प्रश्न असा, की घराचं काम सुरू होतंय, गवंडी, फिटर (सळया बांधणारे) आणि सेंट्रिंगवाले (काँक्रीट ओतायचे साचे आणि टेकू उभारणारे) बोलतात त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं, तर आधी कोणते शब्द शिकावेत. माझं सांगणं, यादी पाठ करत बसू नका. काम ज्या क्रमाने पुढे जातं त्याच क्रमाने शब्द शिका, आणि प्रत्येक शब्दासोबत तिथे काय तपासायचं तेही शिकून घ्या. नुसता अर्थ कळून घराचा फायदा होत नाही.

पण त्याआधी मापं. वाळू, खडी, मुरूम हे सगळं ब्रासवर येतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रकची बॉडी आतून १२ फूट लांब, ७ फूट रुंद आणि माल अडीच फूट भरलेला असेल, तर २१० घनफूट, म्हणजे २.१ ब्रास. गाडी रिकामी करण्याआधी टेप लावा, नंतर ढिगाचं माप नीट घेता येत नाही. घोटाळा असा, की प्लास्टरसारख्या कामात हाच शब्द १०० चौरस फुटांसाठी वापरतात. म्हणून दर ठरवताना घनफूट की चौरस फूट, हे स्पष्ट विचारून घ्या.

सळईची जाडी जुने कारागीर सुतात सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुती म्हणजे १० मिमी, चार सुती १२ मिमी, पाच सुती १६ मिमी. ८ मिमीच्या सळईला अडीच सुती म्हणतात. वजन काढायचं सूत्र सोपं आहे: जाडीचा (मिमी) वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. १२ मिमीची १२ मीटर लांब सळई साधारण १०.६५ किलो भरायला हवी. पाच टक्क्यांहून जास्त तूट आली तर माल उतरवून घेऊ नका.

आता काम. लाइन आउट म्हणजे जमिनीवर चुन्याने आणि दोरीने केलेली आखणी. कोपरा गुण्यात आहे म्हणजे काटकोनात आहे. कोपऱ्यापासून एका दोरीवर ६ फूट, दुसरीवर ८ फूट मोजून खुणा करा, दोन खुणांमधलं अंतर बरोबर १० फूट आलं पाहिजे. शिवाय खोलीचे दोन्ही कर्ण सारखे हवेत. उभी रेघ ओळंब्याने बघतात. आडवी पातळी पाण्याच्या नळीने, म्हणजे लेव्हल ट्यूबने नेतात. नळीत हवेचा बुडबुडा अडकला असेल तर पातळी चुकते, म्हणून वापरण्याआधी दोन्ही टोकं शेजारी धरा आणि पाणी एका रेषेत आहे का ते पाहा.

खड्ड्याच्या तळाशी दगडांचं सोलिंग, त्यावर पीसीसी (बिनसळईचं साधं काँक्रीट), त्यावर फुटिंगची, म्हणजे कॉलमच्या (खांबाच्या) पायाची, सळयांची जाळी. कॉलम जिथून उठतो तिथला तीन-चार इंचांचा पहिला थर म्हणजे स्टार्टर. तो जागेवरून सरकला तर अख्खा कॉलम सरकतो, त्यामुळे शटर (कॉलमचा साचा) लावण्याआधी स्टार्टरची मापं नकाशाशी ताडून घ्या. जमिनीपासून घराच्या फरशीच्या पातळीपर्यंतचा भाग म्हणजे जोतं. दारं-खिडक्यांवरची आडवी पट्टी लिंटेल, तिच्यातून बाहेर येतो तो छज्जा.

खरं लक्ष द्यायला हवं ते कव्हरकडे. सळईच्या बाहेरच्या कडेपासून काँक्रीटच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर म्हणजे कव्हर: स्लॅबला २० मिमी, बीमला (आडव्या तुळईला) २५, कॉलमला ४०, फुटिंगला ५०. ते राखायला सळईखाली कव्हर ब्लॉक ठेवतात. पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी खडीचा तुकडा सरकवून देतात. माल ओतताना तो निसटतो, सळई खाली सेंट्रिंगच्या प्लेटला टेकते, काही वर्षांनी गंजते आणि फुगते. मग छतातून काँक्रीटचे पापुद्रे सुटायला लागतात.

याउलट बाल्कनीत आणि छज्जात मुख्य सळया वरच्या बाजूला असतात, कारण तिथे ताण वर येतो. त्या वर धरून ठेवणाऱ्या वाकवलेल्या सळईला चेअर म्हणतात. चेअर कमी असतील आणि घमेली घेऊन माणसं त्याच सळयांवरून ये-जा करत असतील, तर सळया दबून तळाला जातात. वरून काहीच दिसत नाही. टेकू काढले की भिंतीलगत वर भेग पडते, कधी छज्जाच खाली येतो. बाल्कनी भरताना तिथे स्वतः उभे राहा आणि चालायला फळ्या टाकायला लावा.

कॉलम-बीमच्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा बघताना हुक पाहा. तो १३५ अंशांत आत वळलेला, साधारण ३ इंच लांब हवा. ९० अंशांचा हुक भूकंपात उघडतो आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. फिटर कंटाळा करतात, कारण आत वळवायला जोर लागतो.

एम २० म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसणारं काँक्रीट. साइटवर ते १:१.५:३ असं सांगतात: सिमेंट, वाळू, खडी. ५० किलोची गोणी साधारण सव्वा घनफूट भरते, म्हणून सव्वा घनफुटाचा फर्मा (मापाची पेटी) करून घ्या: गोणीला दीड फर्मा वाळू, तीन फर्मे खडी. घमेल्याने मोजलं तर एक शिगोशीग, दुसरं सपाट, असं होतं. पाणी गोणीला २५ ते ३० लिटर. ओल्या वाळूतही पाणी असतं, तेवढं कमी करा. शिवाय दमट वाळू फुगते, फर्म्यात प्रत्यक्ष कमी बसते, म्हणून थोडी वाढवून घ्यावी लागते. माल ढिला झाला की पसरायला सोपा जातो, म्हणून बादली वाढते. तिथेच ताकद जाते. व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं यंत्र) नीट फिरला नाही तर खडी उघडी पडून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रं राहतात. लगेच प्लास्टर मारून ती झाकू देऊ नका, आधी इंजिनिअरला दाखवा.

प्लास्टरचं थोडक्यात: काँक्रीटला आधी टाचे मारायचे, म्हणजे छिन्नीने खरबरीत करायचं. कॉलम आणि विटांच्या सांध्यावर चिकन जाळी (बारीक तारेची जाळी) लावायची, नाहीतर त्याच रेषेत भेग जाते.

पाणी मारणं म्हणजे क्युरिंग. स्लॅबवर मसाल्याची आळी करून पाणी साठवतात. साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) किमान १० दिवस, आणि १४ केले तर उत्तम. सेंट्रिंग खोलणं हा वेगळा हिशोब आहे: साडेचार मीटरपर्यंत गाळा (दोन आधारांमधलं अंतर) असलेल्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४, त्यापुढे २१. हे ओपीसीचे दिवस आहेत, पीपीसी असेल तर जास्त ठेवावे लागतात. प्लेटा दुसऱ्या साइटला न्यायच्या असतात म्हणून सेंट्रिंगवाला लवकर मागतो. स्लॅब भरल्याची तारीख भिंतीवर खडूने लिहून ठेवा आणि इंजिनिअरने सांगितल्याशिवाय एकही टेकू हलवू देऊ नका.