अंगणवाडीला उत्पन्नाचा दाखला लागत नाही

प्रश्न असा होता: नागपुरात हुडकेश्वरला भाड्याने राहतो, रेशन कार्ड गोंदियाचं, तेही केशरी. नवऱ्याला खासगी नोकरी. तीन वर्षांच्या मुलीचं नाव अंगणवाडीत घेतील का? उत्पन्नाचा दाखला काढावा लागेल का? आणि तिथे खरंच काही शिकवतात का?

घेतील. सेतूच्या रांगेत उभ्या राहू नका. मुलीच्या जन्माचा पुरावा, लसीकरणाचं कार्ड आणि तुमचं आधार घेऊन सरळ जवळच्या केंद्रात जा. कार्ड पिवळं की केशरी, घर स्वतःचं की भाड्याचं, याच्याशी अंगणवाडीचा संबंध नाही. बीपीएलची, म्हणजे दारिद्र्यरेषेखालचं असण्याची, अट या योजनेला लावायची नाही हे सुप्रीम कोर्टाने 2004 सालीच बजावलंय. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यातही सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार हा हक्क आहे, आणि त्यात बापाचा पगार कुठे विचारलेला नाही.

तरी आपल्याकडे 'ती गरिबांची' हे डोक्यातून जात नाही. मी मुलीचं नाव टाकायला गेले तेव्हा सेविकाताईंनी आधी माझ्या स्कूटीकडे पाहिलं. "तुमच्या ले-आऊटमधले येत नाहीत ना इकडे," म्हणाल्या. पण रजिस्टर उघडलं. खरा तमाशा घरी झाला. माझ्या जाऊबाईंचा मुलगा तेव्हा केजी वनला होता, टाय-बूट वगैरे. त्या सासूबाईंसमोर म्हणाल्या, "खिचडी खायला धाडते का तू पोट्टीले?" भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, काही बोलले नाहीत, पण फीचे पैसे मी देतो म्हणून नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं. ते मला जास्त लागलं.

मग काही महिन्यांनी सेविकाताई स्वतः घरी आल्या. दर महिन्याला वजन-उंची होते, त्यात आमची पोरगी वाढीच्या तक्त्यावर हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात घसरली होती. दोन पगारांचं घर, फ्रिज भरलेला, आणि पोरगी कमी वजनाची! कुपोषण म्हणजे मेळघाट, असंच नागपूरकरांना वाटतं. जाऊबाईंना तर आयतंच मिळालं: "पाहिलं? अंगणवाडीत टाकली म्हणून वाळली." अहो, तिथे दिवसाला एक खिचडी नाहीतर उसळ मिळते, बाकीचा दिवस ती घरातच असते ना! सकाळी चहा-बिस्किट, दुपारी चिप्सचं पाकीट, टीव्हीसमोर दोन घास. सासूबाईंचा लाड. सेविकाताईंनी हे सगळं खोदून खोदून विचारलं, चहा बंद करायला लावला, अंडं आणि दाण्याचा कूट सुरू करायला सांगितला. पुढच्या काही वजनांत पोरगी पुन्हा हिरव्यात आली.

जाऊबाईंना मी एकच विचारलं: तुमच्या कॉन्व्हेंटात वर्षभर एवढी फी भरली, मुलाचं एकदा तरी वजन केलं का कोणी? यावर उत्तर आजवर आलेलं नाही. दर महालक्ष्म्यांना विषय निघतो, दर वेळी त्या पुरणाकडे वळतात.

तुम्हाला दाखल्याची धास्ती बसली ती बहुतेक आरटीईमुळे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या प्रवेशांमुळे. शेजारपाजारचे दोन्ही एकत्र करून सांगतात. खासगी शाळेतल्या 25 टक्के राखीव जागांसाठी खुल्या गटाला वार्षिक उत्पन्न 1 लाखाच्या आत लागतं, त्याचा तहसीलचा दाखला लागतो. एससी, एसटी, ओबीसी वगैरेंना उत्पन्नाची अट नाही, पण जातीचं प्रमाणपत्र लागतं. भाडेकरूंना नोंदणीकृत भाडेकरारही लागतो, नुसता नोटरीचा चालत नाही. त्या वाटेने जायचं असेल तर घरमालकाशी आत्ताच बोलून ठेवा, कारण नागपुरातले घरमालक नोंदणीचं नाव काढलं की काखा वर करतात. अंगणवाडीला यातलं काहीही नको. कोणी मागितलंच तर पर्यवेक्षिकेचा नंबर मागा, नाहीतर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. वाद घालायची वेळ सहसा येत नाही, कारण शहरी केंद्रांना पटावर मुलं हवीच असतात.

शिकवतात का? गाणी, गोष्टी, रंग, मणी ओवणं. एबीसीडी घोकून हवी असेल तर नाही, आणि तीन वर्षांच्या पोरीला ती कशाला हवी, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

मात्र जागा आधी स्वतः बघा. शहरातली बरीच केंद्रं भाड्याच्या एका खोलीत किंवा समाजभवनात भरतात. आमचं बरं होतं, पण पलीकडच्या वस्तीतलं मी पाहिलंय, पंखा नाही, संडासाला कुलूप. शिवाय सेविकांवर सर्वेक्षणं, मतदार याद्या असलं काय काय लादलेलं असतं. 2023च्या डिसेंबरात त्या संपावर गेल्या तेव्हा जवळपास दोन महिने केंद्रं बंद होती. तुम्ही नोकरी करत असाल तर तेवढे तास मुलीला कोण बघणार याची सोय आधी लावा, कारण अंगणवाडी म्हणजे पाळणाघर नाही, दुपारी सुटते.