नेट गेलं की मुलगा मोबाइल आपटतो, हे व्यसन म्हणायचं का?

मी कोल्हापुरात समुपदेशनाचं काम करते, आणि हा प्रश्न माझ्याकडं इतक्या वेळा येतो की म्हटलं आता लिहूनच टाकावं. "मॅडम, एरवी पोरगं शांत आहे हो, पण गेम खेळताना नेट गेलं की अंगात आल्यासारखं करतंय, ओरडतंय, दार आपटतंय, परवा तर मोबाइलच भिंतीवर मारला, व्यसन लागलंय काय त्याला, गेम बंदच करून टाकू का?" आईवडील राजारामपुरीतले असोत, कसबा बावड्यातले असोत नाहीतर उचगावचे, शब्द थोडे इकडंतिकडं पण प्रश्न हाच.

त्यातली एक केस सांगते. घरच्यांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

मंगळवार पेठेतलं जुनं घर, जाड भिंतींचं, खाली पुढची खोली, मग स्वयंपाकघर आणि वर माळ्याची खोली. वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, शिफ्टची ड्युटी. आई घरीच ब्लाउज शिवते, पिको फॉल करते. थोरली बहीण पुण्यातल्या कंपनीचं काम घरनंच करते, आजी आहे, आणि हा धाकटा, दहावीत. पहिल्यांदा आले तेव्हा आईवडीलच बोलत होते, मुलगा खाली बघून बसलेला, हातात तडा गेलेला मोबाइल. आईची मोठी तक्रार अशी की हा खोटं बोलतो. "जेवायला हाक मारली की म्हणतो पॉज होत नाही. माझ्या बहिणीचा पोरगा गाड्यांची गेम खेळतो, ती थांबते की, मग ह्याचीच कशी थांबत नाही?" आणि एकदा वडलांनी रागानं राउटरची पिनच काढली, त्या दिवशी मोबाइल फुटला.

इथं मी त्यांना थांबवलं कारण मुलगा खोटं बोलत नव्हता. गाड्यांची गेम मोबाइलमध्येच चालते, एकट्याची असते, म्हणून ती थांबते. हा खेळत होता बीजीएमआय, म्हणजे पबजीचंच भारतासाठीचं रूप, तिच्या एका मॅचमध्ये १०० पर्यंत खेळाडू असतात, सगळे आपापल्या घरी, आणि मॅच चालू असते कंपनीच्या सर्व्हरवर, याच्या मोबाइलमध्ये नाही. याच्यासाठी बाकीच्यांचा खेळ थांबवता येत नाही. मोठी मॅच साधारण अर्धा तास जाते आणि हा चौघांच्या स्क्वॉडमधला एक, हा उठला की तिघं उघडे पडतात. वडील तरुणपणी पेठेच्या टीममधनं फुटबॉल खेळलेले, त्यांना विचारलं, गांधी मैदानावर मॅच चालू असताना गोलकीपरला घरनं जेवायला बोलावणं आलं तर तो पोस्ट सोडून जाईल का? ते म्हणाले, "जाईल कसा, पोरं मारतील की त्याला." मग जरा वेळ कुणीच बोललं नाही.

नंतर मुलाला एकट्याला बसवलं. किती तास खेळतोस, का खेळतोस असलं काही विचारलं नाही, ते त्यानं शंभर वेळा ऐकलेलं असतं. म्हटलं, उघड आणि दाखव मला. त्यानं गेम लावली, स्क्रीनच्या कोपऱ्यात एक हिरवा आकडा होता, ४१, मग ३८, परत ४२, आणि तिकडं बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडं पिंग चांगलं आहे." इतका वेळ गप्प बसलेल्या पोराचं हे पहिलं वाक्य.

पिंग म्हणजे आपल्या मोबाइलवरनं निघालेला निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात. चाळीस-पन्नास असेल तर खेळणाऱ्याला जाणवतही नाही, दोनशे-तीनशे झालं की बोट आत्ता दाबलं आणि गोळी उशिरा सुटली असं होतं. त्याच्या स्क्रीनवर तो भिंतीमागं लपलेला असतो पण सर्व्हरच्या हिशोबानं अजून उघड्यावरच, म्हणून लपूनसुद्धा मरतो. घरी रात्री हाच आकडा लाल होऊन तीनशेच्या वर जायचा, कधी नेट पूर्णच तुटायचं, आणि परत जोडेपर्यंत स्क्वॉड संपलेला. मग मित्र म्हणायचे तुझ्या नेटमुळं हरलो, आणि शाळेतल्या पोरांनी आपापसात स्पर्धा ठेवली तर ह्याला टीममध्ये घेतलंच नाही. हे घरात कुणाला माहीतच नव्हतं. आणि मग तो जे बोलला ते मी आता प्रत्येक आईवडलांना सांगते, "कोण मारलं तर राग येत न्हाई मॅडम, नेटनं मारलं की येतो."

माणूस हरण्यापेक्षा अन्यायानं हरण्याला जास्त चिडतो, मोठी माणसंही चिडतात. हातानं बरोबर केलं तरी निकाल उलटा लागतो आणि त्यावर आपलं काही चालत नाही, ही भावना पंधरा वर्षाच्या पोराला रोज रात्री येत असेल आणि वर घरचे म्हणत असतील बघ कसा वेडा झालाय, तर भांड्याला भांडं लागणारच. मोबाइल फोडणं चुकीचंच, ते मी त्यालाही स्पष्ट सांगितलं. पण रागाचं कारण खरं होतं.

मग वहीचं काम दिलं. रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या: नेट कधी गेलं, तेव्हा घरात काय चालू होतं, राग दहापैकी किती. वही आली तेव्हा वडील बघतच राहिले, कारण जवळजवळ सगळे राग नऊ ते साडेनऊच्या मधले. त्या वेळेला आजीची मालिका टीव्हीवर वायफायवरनं चालते, बहीण दिवसभराच्या फाइली कंपनीला अपलोड करते आणि ड्युटीवरनं आलेले वडील रील्स बघत पडतात. राउटर कुठं तर पुढच्या खोलीत, शोकेसच्या आत, टीव्हीच्या मागं. आणि पोरगं माळ्यावर, मधे जाड भिंत आणि स्लॅब.

वडील म्हणाले, "शंभरचा प्लॅन घेतलाय की मॅडम, आणि काय पायजे त्याला?" इथं बऱ्याच जणांची गल्लत होते. शंभर एमबीपीएस म्हणजे एका वेळी किती डेटा येऊ शकतो ते, पिंग ही वेगळी गोष्ट. गेमला डेटा फार कमी लागतो, तिला हवं असतं ते सलग आणि वेळेवर पोचणं. घरात कुणी मोठी फाइल अपलोड करायला लावली की गेमचे छोटे छोटे निरोप तिच्यामागं रांगेत अडकतात. त्यात वायफायचे दोन पट्टे, ५ गिगाहर्ट्झचं जवळ जोरात चालतं पण जाड भिंतीत मरतं, २.४ लांब पोचतं पण आजूबाजूच्या सगळ्या घरांचं त्याच पट्ट्यात, दाट वस्तीत गर्दी होते. आमच्याकडं पावसाळ्यात लाइट जाते आणि लाइटीबरोबर राउटर पण, ते वेगळंच.

उपाय साधे होते. राउटर शोकेसमधनं बाहेर काढला, केबलवाल्या पोराला बोलावून वायर माळ्यापर्यंत ओढली आणि जुना राउटर वर लावला, लाइट गेली तर चालू राहावा म्हणून खालच्या राउटरला छोटा बॅटरी बॅकअप घेतला. बहिणीनं अपलोड साडेदहानंतर करायचं कबूल केलं. आणि घरात एक ठरलं की आठनंतर मोठी मॅच सुरू करायची नाही, जेवायला वेळ असेल तर छोटी खेळायची, आईनं "बंद कर" न म्हणता "किती राहिलंय?" विचारायचं, त्यानं खरं उत्तर द्यायचं आणि तेवढ्यात उठायचं. राउटरची पिन कुणीही काढायची नाही.

आईला हे पटलं नव्हतं. "म्हणजे आपणच त्याला गेमची सोय करून द्यायची?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की जोपर्यंत नेट जातंय तोपर्यंत कुठला राग नेटचा आणि कुठला दुसऱ्या कशाचा हे कुणालाच कळणार नाही, मलापण नाही. नेटचा राग आधी बाजूला काढा. मग जो राग उरेल त्यावर खरं काम करायचं असतं, आणि काही घरात तो उरतच नाही.

आईला मी अजून एक गोष्ट करायला लावली, एक पूर्ण मॅच त्याच्या शेजारी बसून बघायची, मधे बोलायचं नाही. वर्गात तोंड उघडत नाही अशी ज्याची तक्रार शाळेतनं येते ते पोरगं हेडफोन लावून तिघांना सांगत होतं, डावीकडं दोघं आहेत, तू थांब, तू औषध घे, मी कव्हर देतो. स्क्वॉडमधला एक मित्र पाचवीपासूनचा, वडलांची बदली झाली म्हणून नाशिकला गेलेला. त्याच्या चुकीनं मॅच हरली तेव्हा हा म्हणाला, "राहू दे रे, पुढच्याला बघू." आईनं मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज भरून आला होता, म्हणाली एवढं समजूतदार घरात कधी बोलत नाही. त्या नाशिकच्या मित्राशी फोन करून तास तास बोलायचं हे वय नाही, पोरं काहीतरी करता करता बोलतात, आणि ती जागा ह्यांच्यासाठी ही गेम आहे. ही पोरं लॉकडाऊनमध्ये चौथी-पाचवीत होती, शाळासुद्धा तेव्हा नेटवरच भरायची, नेट गेलं की शिक्षक आणि मित्र दोन्ही गायब. तेव्हा हेच आईवडील नेट गेलं म्हणून चिडायचे, हे मी आठवण करून देते.

म्हणून सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. नेटवरच्या गेममध्ये अनोळखी माणसं शिव्या देतात, स्किनसाठी, म्हणजे गेममधल्या कपड्यांच्या नि बंदुकांच्या नुसत्या दिखाव्यासाठी, पैसे जातात. आणि गेम आपल्या हातात नसते, पबजी २ सप्टेंबर २०२० ला बंद झाली, बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरनं काढली गेली आणि मे २०२३ मध्ये परत आली ती १८ खालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घेऊन. या पोरानं आईच्या मोबाइलवरचा ओटीपी वापरून वय वाढवून घेतलेलं होतं, ते दुरुस्त करायला लावलं. पैसे लावून खेळायच्या गेम हा तर वेगळाच विषय, त्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा बंदीचा कायदा झालाय, मुलगा तसलं काही खेळत असेल तर नेटची दुरुस्ती बिरुस्ती करत बसू नका, आधी पैशाचं बघा.

आता व्यसनाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात बघतात ते असं: खेळण्यावर ताबाच राहिलेला नाही, बाकी सगळ्याच्या आधी गेम येते, नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच किंवा वाढतंय, आणि शाळा, घर, नाती यांचं खरंच मोठं बिघडलंय, तेही साधारण वर्षभर. या मुलाची शाळा चालू होती, मैदानावर जायचा, झोप ठीक होती. नेट गेल्यावर चिडतो एवढ्यावरनं मी कुणाला व्यसनी म्हणणार नाही. उलट एक कॉलेजचा मुलगा होता, रूमवर नेट एकदम मस्त, राग वगैरे काही नाही, पण पहाटेपर्यंत खेळायचा, परीक्षा बुडवली, जेवण सुटलं, मित्र सुटले. त्याला मी मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं, कारण तिथं तो गेमच्या आत लपून बसला होता आणि खाली नैराश्य होतं. आणि मुलगा स्वतःला इजा करायची भाषा करत असेल किंवा घरात मारहाणीपर्यंत जात असेल तर वही-बिही काही नाही, थांबू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

या घरात मोबाइल आपटणं थांबलं. पण वहीत मधनंच रागाचे सात, आठ असे आकडे दिसत राहिले, नेट व्यवस्थित असलेल्या दिवसांचे. विचारलं तर कळलं की त्या त्या दिवशी पाहुण्यांसमोर वडील म्हणाले होते, "हा आता गेममधनंच नोकरी करणार." मुलाला दहावीनंतर आयटीआयला जायचंय, मशीनचं काम शिकायचंय, वडील म्हणतात आयुष्यभर मी भट्टीपुढं राबलो ते तू परत तिथंच यावंस म्हणून नाही, सायन्स घे. दोघांचंही खरं आहे. हल्ली दोघंच येतात, नेटचा विषय निघत नाही, पुढच्या वेळी मुलगा आयटीआयच्या ट्रेडची माहिती काढून आणणार आहे आणि वडील कंपनीतल्या सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) ऑपरेटरला विचारून येणार आहेत की हल्ली पगार किती आहे.