गच्चीवरचे पाणी: टाकी किती मोठी असावी?

प्रश्न: आम्ही नागपुरात मानेवाडा भागात राहतो. घराचा स्लॅब सुमारे १,००० चौरस फुटांचा असून अंगणातल्या जुन्या विहिरीचे पाणी मे महिन्यात तळाला जाते. पावसाचे पाणी साठवण्यासाठी ५,००० लिटरची टाकी बसवावी असे मला वाटते. परंतु एवढ्याशा टाकीने काही साधणार नाही, असे सासऱ्यांचे म्हणणे आहे. कोणाचे बरोबर? आणि हे पाणी पिण्यास चालेल का? (एक वाचिका, नागपूर)

उत्तर: आपण दोघेही आपापल्या जागी बरोबर आहात, कारण टाकी पुरेल की नाही हे तिच्यातले पाणी कशासाठी वापरायचे यावर ठरते.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. आपला स्लॅब सुमारे ९३ चौरस मीटरचा आहे. नागपुरात वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस धरला आणि वाहताना, उडताना होणारी घट वजा केली, तरी ७४,००० लिटरच्या आसपास पाणी हाती येते. एवढ्या पाण्यासाठी टाकी बांधणे मात्र परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. हा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, त्यामुळे टाकी रिकामी होते आणि पुन्हा भरते. आपल्या स्लॅबवर ६५ ते ७० मिलिमीटर पाऊस झाला की ५,००० लिटरची टाकी काठोकाठ भरेल. चार माणसांच्या घरात सर्व कामांसाठी दररोज ५४० लिटर पाणी लागते असे धरल्यास ती नऊ दिवसांत संपेल. परंतु तेच पाणी केवळ पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी, रोज ४० लिटर या हिशेबाने काढले, तर सप्टेंबरअखेर भरलेली टाकी जानेवारीपर्यंत साथ देईल. म्हणून माझे स्पष्ट मत असे की टाकी ५,००० लिटरचीच ठेवावी आणि वाचलेला पैसा विहिरीकडे वळवावा.

टाकी भरल्यावर ओसंडणारे पाणी विहिरीजवळच्या गाळणखड्ड्यात सोडावे. खड्ड्यात तळाला मोठी गिट्टी, त्यावर बारीक गिट्टी आणि सर्वांत वर जाड रेती घालून तळाशी बसवलेल्या पाइपने गाळलेले पाणी विहिरीत न्यावे. पाइपचे तोंड खाली उतरवावे, म्हणजे धारेने विहिरीचे बांधकाम ढासळणार नाही. वरची रेती दरवर्षी खरवडून बदलावी लागते, आणि या कामात हयगय झाली की गाळ साचून खड्डा बंद पडतो. अंगणातले किंवा रस्त्यावरचे पाणी यात अजिबात येऊ देऊ नये. संडासाचा शोषखड्डा विहिरीच्या जवळ असेल, तर आधी त्याची व्यवस्था करावी, मगच विहिरीत पाणी सोडण्याचा विचार करावा.

आता पिण्याविषयी. पावसाचे पाणी मृदू असते. त्यात डाळ लवकर शिजते आणि साबणाला फेस भरपूर येतो. मात्र उन्हाळाभर गच्चीवर साचलेली धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा मृगाच्या पहिल्या सरींबरोबर पाइपात उतरते. म्हणून पाइपला वेगळी तोटी बसवून ते पाणी बाहेर सोडावे, आणि पावसाने बरेच दिवस दडी मारल्यानंतरही पुन्हा तसेच करावे. गिट्टी आणि रेती माती अडवते, जंतू मारत नाही. तेव्हा पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. स्लॅबच्या एखाद्या भागावर सिमेंटचे जुने पत्रे असतील, तर तिथले पाणी टाकीत न घेता बागेला द्यावे.

टाकी अपारदर्शक, घट्ट झाकणाची आणि सावलीत असावी. प्रकाश शिरला की शेवाळ धरते. ओसंडण्याच्या पाइपला बारीक जाळी लावणे विसरू नये, कारण डेंग्यू पसरवणारे डास अशाच स्वच्छ साठ्यात अंडी घालतात आणि आठ-दहा दिवसांत त्यांची पुढची पिढी तयार होते. पाइप व तोटीचे काम मे महिन्यातच उरकून घ्यावे. विहीर तेव्हा तळाला गेलेली असल्याने तिचा गाळ काढणेही त्याच वेळी सोयीचे होईल.