भाचीला बोलावून घेण्याआधी

श्टुटगार्टहून एका मावशींचं पत्र आलंय. बहिणीची मुलगी बडोद्याला एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला परदेशात पीएच.डी. करायचीय, घरची ऐपत बेताची. दर रविवारी फोनवर ‘तू तिथेच आहेस, बघ ना काहीतरी’ ऐकून मावशी टेकीला आल्यात. ‘विकसनशील देशांच्या विद्यार्थ्यांसाठी स्कॉलरशिप, अशा याद्या रोज व्हॉट्सॲपवर येतात. त्यातलं नेमकं काय भरायचं? की तिला वर्षभर आमच्याकडेच बोलावून घेऊ? जर्मन शिकेल, इथूनच शोधेल. यजमान हमीपत्र द्यायला तयार आहेत.’

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथे घाई केलीत तर नुकसान तिचंच आहे. एवढ्यात बोलावू नका. युरोपियन युनियनच्या पैशावर चालणारी मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क्स आहेत, म्हणजे पीएच.डी.च्या पगारी जागा. त्यांत राष्ट्रीयत्वाची अट नाही, वयाची नाही, पगार चांगला. अट एकच आडवी येते: ज्या देशात नेमणूक होणार, त्या देशात आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. सुट्टीला आलेले दिवस धरत नाहीत, पण भाषेचा कोर्स म्हणजे सुट्टी नव्हे. डाडच्या (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारी जर्मन संस्था) संशोधन शिष्यवृत्तीलाही असाच नियम आहे, तिथे १५ महिन्यांची मर्यादा. आपल्याकडे वर्ष म्हणता म्हणता पंधरा-सोळा महिने कसे होतात ते तुम्हाला मी सांगायला नको. मावशीच्या मायेने जर्मनीतले दोन दरवाजे बंद व्हायचे. जर्मन तिला बडोद्यात बसून ऑनलाइन शिकू दे.

आता त्या याद्या. ‘विकसनशील देश’ हे शब्द वाचून आपल्याला वाटतं, चला, आपला नंबर लागला. प्रत्यक्षात काही योजना संयुक्त राष्ट्रांच्या ‘अल्पविकसित देश’ यादीवर चालतात आणि त्या यादीत भारत नाही. खरोखर विकसनशील देशांसाठी असलेल्या काही योजनांत वेगळीच मेख असते. डाडची ‘एपोस’ ही विकासविषयक अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती घ्या: तिला पदवीनंतर निदान दोन वर्षांचा नोकरीचा अनुभव लागतो. तुमची भाची अजून कॉलेजात आहे. म्हणजे यादी खोटी नाही, फक्त तिच्यासाठी नाही.

आणि मुळात, पीएच.डी.चा बहुतेक पैसा ‘स्कॉलरशिप’ या नावाने येतच नाही. हे कळलं की निम्मा गोंधळ संपतो. जर्मनीत तो नोकरी म्हणून येतो. विद्यापीठ जाहिरात देतं, टीव्ही-एल १३ ही सरकारी पगारश्रेणी, ५० टक्के किंवा ६५ टक्के जागा. म्हणजे पूर्ण पगाराचा तेवढा हिस्सा. पगारातून आरोग्य विमा आणि पेन्शन कापलं जातं, कर जातो, उरलेल्यात एकटं माणूस नीट राहू शकतं. अमेरिकेत तो असिस्टंटशिप म्हणून येतो: शिकवायचं किंवा प्रयोगशाळेत काम करायचं, बदल्यात फी माफ आणि दरमहा स्टायपेंड. तिथे अर्ज बहुधा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतात, आणि बहुतेक विद्यापीठं उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात. जर्मनीतल्या जागा वर्षभर निघत राहतात. युराक्सेस या युरोपातल्या संशोधन-नोकऱ्यांच्या साइटवर आणि एकेका विभागाच्या पानावर बघायच्या.

यजमानांच्या हमीपत्राचंही मग कारण उरत नाही. नोकरीचा करार हातात असेल तर तोच व्हिसासाठी खर्चाचा पुरावा होतो. विद्यार्थ्यांना जे वर्षाचे ११,९०४ युरो बँकेत अडकवून ठेवावे लागतात (२०२४ पासूनचा आकडा), ते तिला लागू नयेत. कुणीतरी तुम्हाला तुमच्या राज्यात परदेशी विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी असल्याचंही सांगितलंय. बरोबर आहे, पण ती पीएच.डी. करणाऱ्यांना नाही.

तर शोधायचा आहे तो गाइड. इथे तुम्ही खऱ्या उपयोगी पडाल. तिचा ईमेल पाठवण्याआधी वाचा. तुम्ही पत्रासोबत तिचा मसुदा जोडलाय. सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’, मग ‘मी अत्यंत मेहनती व जिज्ञासू विद्यार्थिनी आहे’, मग दहावीचे टक्के. चौथ्या परिच्छेदात, जवळजवळ लाजत, एक वाक्य येतं: नंदेसरीच्या रंगकारखान्याच्या सांडपाण्यातला रंग शेंगदाण्याच्या टरफलांपासून केलेल्या कोळशाने काढायचा प्रयत्न केला. अहो, हेच पहिलं वाक्य! त्यापुढे किती नमुने घेतले, कुठला रंग निघाला, कुठला चिवटपणे राहिला. मग त्या प्राध्यापकाच्या एका शोधनिबंधाशी आपलं काम कुठे जुळतं, ते दोन ओळींत. मग थेट प्रश्न: पुढच्या वर्षी तुमच्या गटात जागा आहे का? दीडशे-दोनशे शब्द, सोबत एक-दोन पानी सीव्ही, संपलं. टक्के सीव्हीत असतातच.

आणि एकाच साच्यातून पन्नास ईमेल काढू नका म्हणावं. मी काढले होते. एकात वरचं नाव बदलायचं राहून गेलं आणि प्राध्यापकांनी एका ओळीचं उत्तर दिलं: ‘हे पत्र माझ्या सहकाऱ्यांसाठी आहे असं दिसतं, पुढे पाठवतो.’ सहकारी शेजारच्याच खोलीत बसायचे! आज हसू येतं, तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही.

शिफारसपत्रं हा दुसरा घोळ. आपल्याकडे सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ प्रेमाने म्हणतात, वेळ नसतो. पण तीन पत्रं एकाच हाताची दिसली की बाहेरचा माणूस लगेच ओळखतो. तिने पत्र लिहू नये. सरांना एक पानाचं टिपण द्यावं: कुठला प्रयोग, काय बिघडलं, कसा सुधारला, सेमिनार कधी दिला. त्यावरून सरांना दहा मिनिटांत आपल्या शब्दांत लिहिता येतं. पत्र विद्यापीठाच्या ईमेलवरून जायला हवं. खाजगी जीमेलवरून आलेल्याकडे बरेच ठिकाणी संशयाने बघतात. सरांचा विद्यापीठाचा ईमेल चालू आहे ना, एवढं तिने आधीच विचारून ठेवावं.

जागा मिळाली की एक प्रश्न विचारायला मुलं लाजतात: पैसा किती वर्षं? जर्मनीतला करार बहुधा तीन वर्षांचा, काम चौथ्या वर्षात जातं. बडोद्याच्या माणसाला हे नवं नाही. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं ते महिना साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांसाठी, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायच्या करारावर. मुदत वाढवून मिळाली तरी १९१७ मध्ये ती संपलीच, आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना बडोद्याला नोकरीवर रुजू व्हावं लागलं. तिथे घर मिळेना, जातीवरून झालेला अपमान सोसावा लागला, त्याची आठवण म्हणजे बडोद्याच्या कमाटी बागेतलं संकल्पभूमी हे स्मारक. लंडनला ते १९२० मध्ये परतले, साठवलेल्या पैशावर आणि शाहू महाराजांच्या मदतीने. मुदत आणि परतीची अट, दोन्ही कागदावर वाचून घ्यायच्या. आजही सरकारी पैशावर अमेरिकेचा जे-१ (शैक्षणिक देवाणघेवाणीचा) व्हिसा मिळाला तर नंतर दोन वर्षं मायदेशी राहायची अट लागते.

पुण्याच्या आत्यांनी महाराष्ट्र सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीची जी लिंक पाठवलीय, तिचा नाद सोडा. घरात मराठी बोललं म्हणून चालत नाही, महाराष्ट्राचा अधिवास लागतो. तुमचं कुटुंब चार पिढ्या बडोद्याच्या दांडिया बाजारात आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती मात्र अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांना आहे. तिथे अमुकच राज्याच्या अधिवासाची अट नाही. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला आठ लाख. त्यात बसत असाल तर जरूर भरा. ‘फुल स्कॉलरशिपची गॅरंटी’ देऊन पैसे मागणाऱ्या एजंटकडे जाऊ नका. पीएच.डी.ची जागा तो देऊ शकत नाही.

तुम्ही दिवाळीला बडोद्याला जाणार आहात म्हणून शेवटचं काम. आठ दिवसांतला एक दिवस भाचीसाठी ठेवा आणि तिला घेऊन गुणपत्रिकांच्या अधिकृत प्रती काढायला जा. सीलबंद लिफाफ्यातले पाच संच मागा, जास्त लागले तर पुन्हा खेपा पडतात. पासपोर्टवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. वडिलांचं नाव एकीकडे मधे आणि दुसरीकडे गायब, हे आपल्याकडे सर्रास असतं, आणि दुरुस्तीला महिने जातात. पासपोर्ट अजून काढलाच नसेल तर बाकी सगळं राहू दे, आधी तो काढा.