सुई हप्त्यातून एकदा, झोप रोजची

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ४६, वजन ८८ किलो. वजन उतरवायला तीन महिन्यांपासून सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेते. आधी छान उतरलं, आता काटा हलत नाही. मुलगा बारावीला आहे. रात्री एकपर्यंत अभ्यास करतो, मीही सोबत जागते. पहाटे पाचला नळ येतो, उठावंच लागतं. दिवसा भूक नसते, पण रात्री बाराला चिवड्याच्या डब्याकडे हात जातोच. डोस वाढवून घेऊ का?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर: ताई, डोसचं नंतर बघू. तुमची झोप जेमतेम चार तासांची होते आहे, आधी तिचं बोलू.

हे औषध पोट सावकाश रिकामं करतं आणि मेंदूला 'पुरे' म्हणून सांगतं. अपुरी झोप त्याच्या नेमकं उलट बोलते. शिकागोत २००४ साली धडधाकट तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्के वाढलं आणि तृप्ती सांगणारं लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्के घटलं. ओढ वाढली ती गोडाची, खारट-कुरकुरीताची. बाराला कोणी पालकाची भाजी शोधत नाही, डबा चिवड्याचाच उघडतो!

मला जास्त काळजी काट्याला न दिसणाऱ्या गोष्टीची आहे. तिथेच २०१० साली काही जाड माणसांना कमी खायला देऊन दोन आठवडे साडेआठ तास, आणि वेगळे दोन आठवडे साडेपाच तास अंथरुणात ठेवलं. वजन दोन्ही वेळा तीनेक किलोच उतरलं. पण पुरेशा झोपेत त्यातली चरबी १.४ किलो होती, अपुऱ्या झोपेत ०.६. बाकीची घट चरबी सोडून उरलेल्या भागाची होती, त्यात स्नायूही आले. ती माणसं तुमचं औषध घेत नव्हती, हे खरं. पण या औषधानेही चरबीबरोबर थोडे स्नायू जातातच, आणि चाळिशीनंतर गेलेला स्नायू परत मिळवताना घाम निघतो.

आता जेवणाचं. पोट सावकाश रिकामं होत असताना रात्री दहाला जेवून आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं, झोप मोडते. तेव्हा रात्रीचं जेवण आठपर्यंत आटपा. वरण, अंडी, पनीर, काही तरी प्रथिनं पानात हवीतच. सावजी रस्सा सोडा असं मी नागपुरात राहून म्हणणार नाही, पण तो दुपारी घ्या. चारनंतरचा चहा बंद. दुपारी कूलरसमोर लागलेली झोप अर्ध्या तासात आवरा.

मुलाच्या सोबतीला तुम्ही का जागता, हे मला खरंच कळलं नाही. गणितं तो सोडवतो. थर्मासमध्ये दूध ठेवा आणि साडेदहाला झोपा. नळाचं भांडं एखादे दिवशी यजमानही भरतील.

यजमानांना आणखी एक विचारा: मी घोरते का, झोपेत माझा श्वास मधेच अडकतो का? उत्तर हो असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. तो स्लीप अॅप्निया असू शकतो, आणि मग आठ तास पडूनही झोप होत नाही. तुमच्या औषधाच्याच गटातल्या टिर्झेपॅटाइड या औषधाला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत लठ्ठ रुग्णांच्या मध्यम-तीव्र अॅप्नियासाठी मान्यता मिळाली आहे, पण औषध बदलायचं की नाही हे तुमचे डॉक्टर ठरवतील. महिनाभर असं झोपून बघा, मग डोसचा विषय त्यांच्याकडेच काढा. तोवर इंजेक्शन स्वतःहून वाढवू नका, बंदही करू नका.