व्हर्च्युअल मशीनसाठी कोणता डेस्कटॉप? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सहा कोअर, १६ जीबी रॅम आणि ५०० जीबी एसएसडी असलेल्या संगणकावर लिनक्स टाकून दोन लिनक्स सर्व्हर आणि एक विंडोज ११ अशी तीन व्हर्च्युअल मशीन (एका संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक) एकाच वेळी चालवायची आहेत. डेस्कटॉप (खिडक्या आणि मेन्यू दाखवणारी व्यवस्था) कोणता घेऊ : नोम, केडीई प्लाझ्मा की एक्सएफसीई?

उत्तर : एक्सएफसीई घ्या. पण त्यातून फार मोठी बचत होईल, अशी अपेक्षा ठेवू नका. लॉगिन केल्याबरोबर एक्सएफसीई साधारण अर्धा-पाऊण जीबी रॅम घेतो. नोम आणि प्लाझ्मा एक ते दीड जीबीच्या आसपास जातात. हा फरक ब्राउझरच्या चार-दोन जड टॅबमध्ये संपतो. प्लाझ्माची सवय असेल तर तोच ठेवा, काही बिघडत नाही.

खरा हिशेब रॅमच्या वाटपाचा आहे. विंडोज ११ ला ६ जीबी (किमान अट ४ जीबीची आहे, पण तेवढ्यावर ते रखडत चालते), लिनक्स सर्व्हरना प्रत्येकी २ जीबी, म्हणजे एकूण १० जीबी. उरलेले ६ जीबी यजमान संगणकाला (ज्यावर ही मशीन चालतात, त्या मूळ संगणकाला) राहू द्या. त्यातच डेस्कटॉप, फाइलींचा कॅशे आणि प्रत्येक व्हर्च्युअल मशीनचा वरखर्च भागतो. सगळे १६ जीबी वाटून टाकले आणि स्वॅपही (रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) भरला, की कर्नल (लिनक्सचा गाभा) सर्वाधिक मेमरी धरून बसलेली प्रक्रिया मारतो. ती बहुधा विंडोजचीच असते. त्या मशीनमध्ये काम करणाऱ्याला मात्र वीज गेल्यासारखे वाटते.

डेस्कटॉपचा खरा त्रास वेगळाच : झोप. काही वेळ माऊस हलला नाही की नोम संगणक झोपवतो. यजमान झोपला की तिन्ही मशीन गोठतात, जोडण्या तुटतात आणि जागे झाल्यावर आतली घड्याळे मागे पडलेली असतात. आपल्या खात्यातली सेटिंग बदलूनही काहींच्या संगणकाचे हे थांबत नाही, कारण लॉगिन पडद्याची सेटिंग वेगळी असते. म्हणून सिस्टिमडीमधली (लिनक्समधल्या सेवा चालू-बंद करणारी यंत्रणा) स्लीप, सस्पेंड आणि हायबरनेट ही तिन्ही टार्गेट ‘मास्क’ करून, म्हणजे सुरूच होणार नाहीत अशी बंद करून टाका. मग डेस्कटॉप कोणताही असो, संगणक झोपत नाही.

आणि दुसरा लिनक्स लॅपटॉप हाताशी असेल, तर यजमानावर डेस्कटॉप हवाच कशाला? लॅपटॉपवरच्या व्हर्ट-मॅनेजरमध्ये (व्हर्च्युअल मशीन बनवण्या-चालवण्याचा प्रोग्राम) नवी जोडणी करताना एसएसएचचा (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणीचा) पर्याय निवडला, की दूरच्या यजमानावरची मशीन तिथूनच बनवता येतात, त्यांचा पडदाही दिसतो. आम्ही हीच मांडणी सुचवू.

प्रश्न : व्हर्च्युअल मशीन चालवण्यासाठी केव्हीएम, क्यूएमयू आणि व्हर्ट-मॅनेजर टाकले. लिनक्स मशीन कमालीचे संथ चालते आणि विंडोज बसवताना डिस्कच दिसत नाही.

उत्तर : दोन्ही दुखणी वेगळी आहेत.

संथपणाचे मूळ बहुतेक वेळा बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) असते. इंटेलच्या प्रोसेसरवर ‘व्हीटी-एक्स’, एएमडीवर ‘एसव्हीएम’ अशा नावाची, व्हर्च्युअल मशीनला प्रोसेसर थेट वापरू देणारी सोय अनेक मदरबोर्डांवर बंद असते. ती चालू करा आणि ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये ‘केव्हीएम’ नावाची नोंद आली का ते पाहा. ती नसेल, तर प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरमधून भाषांतरित होऊन चालते आणि वेग कित्येक पटींनी घसरतो. नोंद आहे पण व्हर्ट-मॅनेजर जोडला जात नाही, असे असेल तर आपले खाते ‘लिबव्हर्ट’ (व्हर्ट-मॅनेजरच्या मागे मशीन सांभाळणारी सेवा) गटात घाला. त्यानंतर लॉगआउट करून पुन्हा आत यायला विसरू नका. त्याशिवाय गट लागू होत नाही. शेजारी व्हर्च्युअलबॉक्स हा अशाच कामाचा दुसरा प्रोग्रामही चालवत असाल तर तो बंद करा. दोघांना एकाच वेळी प्रोसेसरची ही सोय बहुधा वापरता येत नाही.

डिस्क दिसत नाही, कारण ती ‘व्हर्टआयओ’ या खास व्हर्च्युअल मशीनसाठीच्या वेगवान प्रकारची आहे आणि विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये तिचा ड्रायव्हर नसतो. डिस्क नेहमीच्या ‘साटा’ प्रकारची करून वेळ मारून नेता येते, पण वेग जातो. त्यापेक्षा व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ फाइल (सीडीची फाइलरूपी प्रत) दुसऱ्या सीडी ड्राइव्हला जोडा आणि डिस्क निवडण्याच्या पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबून ‘व्हायोस्टोर’ फोल्डरमधला विंडोज ११ चा ड्रायव्हर निवडा. नेटवर्कचा ड्रायव्हर त्याच आयएसओत ‘नेटकेव्हीएम’ फोल्डरमध्ये आहे. मशीन बनवतानाच यूईएफआय (बायॉसचा नवा अवतार) आणि एम्युलेटेड टीपीएम २.० (सुरक्षा चिपची सॉफ्टवेअरमधली नक्कल) निवडा, नाहीतर इन्स्टॉलर पुढे सरकणार नाही.

प्रश्न : घरातल्या इतर संगणकांवरून व्हर्च्युअल सर्व्हर दिसावा म्हणून वायफायवर ब्रिज (मशीनला थेट घरच्या नेटवर्कवर आणणारी जोडणी) करतोय. जमत नाही.

उत्तर : जमणारही नाही. वायफाय राउटर नोंदवलेल्या कार्डाच्याच मॅक पत्त्याची (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) माहितीची पाकिटे घेतो. व्हर्च्युअल मशीनचा पत्ता वेगळा, म्हणून ती टाकून दिली जातात. यजमानाला नेटवर्क केबल लावा आणि ब्रिज त्या केबलच्या जोडणीवर करा. केबल शक्य नसेल तर लिबव्हर्टचे मूळचे नॅट नेटवर्क (यात मशीन यजमानाच्या पत्त्याआडून बाहेर बोलते; आतले पत्ते १९२.१६८.१२२ ने सुरू होतात) तसेच ठेवून यजमानावरचा हवा तो पोर्ट (सेवेचा क्रमांक) मशीनकडे वळवा. मशीनला थेट यजमानाच्या कार्डावर जोडणाऱ्या ‘मॅकव्हीटॅप’चा सल्लाही कोणी देईल. केबलवर तो चालतो, पण त्यात यजमान आणि त्याचेच मशीन एकमेकांशी बोलू शकत नाहीत.

प्रश्न : सगळी मशीन अचानक ‘पॉज्ड’ (थांबलेली) दिसतात, रिझ्यूम केले की लगेच पुन्हा थांबतात.

उत्तर : यजमानाची डिस्क भरली आहे. मशीनची डिस्क साठवणारी क्यूकाऊ२ फाइल सुरुवातीला लहान असते आणि लागेल तशी वाढते, त्यामुळे ३०० जीबीची दोन मशीनही ५०० जीबीच्या एसएसडीवर बिनतक्रार तयार होतात. शिवाय या फाइली मुळात ‘व्हार’ फोल्डरखाली, म्हणजे बहुधा रूट विभाजनावरच (डिस्कच्या ज्या भागात लिनक्स असते तिथेच) जातात. जुन्या आयएसओ फाइली काढून काही जीबी मोकळे करा, मग रिझ्यूम करा. मशीन थांबले होते तिथूनच चालू होते. आतल्या फाइली पुसून मात्र बाहेरची फाइल आपोआप लहान होत नाही. त्यासाठी मशीनच्या डिस्क सेटिंगमध्ये ‘डिस्कार्ड’ला ‘अनमॅप’ करून मशीनच्या आत ट्रिम (रिकामी जागा डिस्कला कळवणारी आज्ञा) चालवावे लागते.