सहा फुटांची फळी आणि सव्वा लाखावरची आगगाडी

प्रश्न: वय ३९, पुण्यात नोकरी. हातात येणारा पगार ८२,००० रुपये. गृहकर्जाच्या हप्त्यासह घरखर्च ५८,०००, एसआयपी १२,०००. मुदत ठेव २,१०,००० आणि यंदाचा बोनस कर वजा जाता ९०,०००. अभ्यासाच्या खोलीत सहा फूट लांब, एक फूट रुंद फळीवर एचओ मापाची मॉडेल रेल्वे उभारायची आहे. दुकानाचा अंदाज १,३५,०००: आवाजाची दोन डिजिटल इंजिनं ६२,०००, चार प्रवासी डबे २८,०००, डिजिटल कंट्रोलर २४,०००, गोल मार्गाचे रूळ आणि सांधे (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे रूळ) २१,०००. कार्डावर १५ टक्क्यांनी १८ महिन्यांचे हप्ते मिळतात. इंजिनांच्या किमती पुढे वाढतात म्हणे. मग ही गुंतवणूक धरावी का?

उत्तर: छंद जरूर करा, पण हा संच घेऊ नका. पैशांचा हिशेब नंतर मांडू. आधी टेप घेऊन फळी मोजा.

एचओ म्हणजे १:८७, खऱ्या गाडीचा सत्त्याऐंशीवा भाग. बाजारात सहज मिळणाऱ्या वळणांत सगळ्यात आवळ वळणाची त्रिज्या साधारण ३६० मिलिमीटर असते. पूर्ण फेरा मारायचा तर रुळाच्या मध्यापासून मध्यापर्यंतच ७२० मिमी लागतात, शिवाय दोन्ही कडांना मोकळी जागा. तुमची फळी ३०५ मिमी रुंद आहे, म्हणजे गोल मार्ग तिच्यावर बसतच नाही. भारतीय रेल्वेचा आयसीएफ धाटणीचा प्रवासी डबा बफरसह (टोकांच्या दट्ट्यांसह) सुमारे २२.३ मीटरचा, मॉडेलमध्ये २५६ मिमी. चार डबे आणि डब्ल्यूडीएम-३एसारखं १९७ मिमीचं डिझेल इंजिन मिळून गाडी १२२० मिमीच्या वर जाते. फळी १८३० मिमीची. ही गाडी दोन फूट पुढे जाईल आणि थांबेल. २१,००० चे रूळ खोक्यातच राहतील आणि ९०,००० ची गाडी शोभेची वस्तू होईल.

अरुंद फळीसाठी ‘इंगलनूक साइडिंग्ज’ ही मांडणी अगदी योग्य आहे. ॲलन राइट या ब्रिटिश छंदकाराची ही रचना: दोन सांधे आणि तीन मार्गिका. एका मार्गिकेत पाच वाघिणी (मालगाडीचे डबे) मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन, आणि सांध्याअलीकडच्या तुकड्यावर इंजिन अधिक तीन वाघिणी. आठ वाघिणींच्या चिठ्ठ्या टाकायच्या, त्यातल्या पाच काढायच्या आणि त्याच क्रमाने गाडी जुळवायची. असे ६,७२० क्रम निघतात, त्यामुळे खेळ लवकर शिळा होत नाही. पैशांच्या मोबदल्यात किती तास आनंद मिळतो, हे मला छंदाच्या खर्चात सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि इथे ही मांडणी गोल मार्गाला सहज मागे टाकते.

मापही जमतं. वाघीण कपलिंगसह १५० मिमी आणि इंजिन १८० मिमी धरा. अलीकडचा तुकडा ६३० मिमी, पहिला सांधा १८५, शेजारच्या मार्गावरच्या वाघिणींना घासू नये म्हणून १०० सोडा, मग पाच वाघिणींचे ७५०. बेरीज १६६५, टोकाला गाडी थांबवणाऱ्या बफरना जागा उरते. पण इंजिन २३० मिमीचं निवडलंत तर ही उरलेली १६५ मिमी जागा ११५ वर येईल, म्हणून आखूड शंटिंग (डबे पुढेमागे हलवून जुळवणारं) इंजिनच घ्या. पेको कंपनी सांध्यांचे खऱ्या मापाचे नकाशे संकेतस्थळावर फुकट देते. ते १०० टक्के मापात छापून फळीवर चिकटवा, वाघिणींच्या मापाचे पुठ्ठे ठेवून पाहा, आणि मगच रूळ मागवा.

आता पैसे. १,३५,००० चे १८ हप्ते महिना साधारण ८,४२० रुपयांचे होतील. व्याज सुमारे १६,६००, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ३,०००, वर प्रक्रिया शुल्क. महिन्याला तुमच्याकडे उरतात १२,०००. त्यातले ३,६०० शिल्लक राहतील. सहा महिन्यांच्या खर्चासाठी ३,४८,००० हवेत, ठेव २,१०,००० ची आहे. ही १,३८,००० ची तूट तशीच ठेवून दीड वर्ष हप्ते भरणं मला पटत नाही. गृहकर्ज असताना तर मुळीच नाही.

बोनसचे दोन भाग करा: ४५,००० आपत्कालीन निधीत, ४५,००० रेल्वेला. तुटीतल्या उरलेल्या ९३,००० साठी महिना ८,००० ची आवर्ती ठेव काढा. वर्षभरात ९६,००० जमतील. एसआयपीला हात लावू नका.

रेल्वेच्या ४५,००० मध्ये फळी आणि ब्रॅकेट ५,०००, रूळ-सांधे-वायर ९,०००, साधा १२ व्होल्टचा डीसी कंट्रोलर ५,०००, बिनआवाजाचं एक इंजिन १२,०००, वाघिणी १४,०००. या कमाल मर्यादा समजा. एकच इंजिन चालणार असेल तर डिजिटल नियंत्रणाचे २४,००० वाया जातात. इंजिन मात्र डीसीसी-रेडी, म्हणजे डिजिटल नियंत्रणासाठी आत सॉकेट असलेलं घ्या. पुढे डीकोडर (डिजिटल आज्ञा ओळखणारी चिप) बसवता येतो. १४,००० मध्ये आठ वाघिणी आल्या नाहीत तर पाचांवर सुरू करा. ३-२-२ च्या (मार्गिकांत तीन, दोन, दोन वाघिणी) छोट्या खेळात तीन वाघिणींची गाडी जुळवायची, तिचे ६० क्रम मिळतात. रूळ पहिल्यापासून ५-३-३ चेच टाका. उरलेल्या तीन वाघिणी वर्षभरात, आवर्ती ठेव न चुकवता.

वायरच्या खर्चात काटकसर नको. पावसाळ्यात रूळजोडण्या काळवंडतात आणि वीज तुटते, म्हणून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तारा जोडा. सांध्याचा मधला भाग प्लॅस्टिकचा असेल तर आखूड इंजिन हळू चालताना तिथेच अडकतं, आणि शंटिंग तर सगळं हळूच असतं. तो भाग धातूचा आणि विजेचा घ्या. पण त्यानंतरच्या दोन आतल्या रुळांना इन्सुलेटेड जॉइनर (वीज अडवणारे जोड) लावा, नाहीतर शॉर्ट होईल. फळी एमडीएफची नको, ओलीने फुगते. १२ मिमीचं बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारं) प्लाय आणि दर दोन फुटांना ब्रॅकेट. पुढच्या कडेला ५० मिमीची ॲक्रिलिक पट्टी लावा. १२,००० चं इंजिन फरशीवर पडण्यापेक्षा ती कधीही स्वस्त.

गुंतवणुकीचं म्हणाल तर नाही. वापरलेल्या मॉडेलना आपल्याकडे गिऱ्हाईक मोजकं, आणि चाललेल्या, खोका हरवलेल्या इंजिनाचा भाव पडतो. हा खर्चच धरा, मनापासून करा. खोके मात्र जपून ठेवा.

आयातीबद्दल: खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के झालं, वर जीएसटी. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावरची किंमत पाहून हुरळू नका. दुकानाकडून सर्व करांसह घरपोच किंमत लेखी घ्या. अमेरिकेतून कोणी कंट्रोलर आणणार असेल तर त्यावर २३० व्होल्ट लिहिलंय का पाहायला सांगा. तिथले बरेच पॉवरपॅक १२० व्होल्टचे असतात आणि आपल्या सॉकेटवर लावताक्षणी जळतात.